बंदूक हरवली तर खबर कुणी द्यायची?

'तू कुठे आहेस, कुणाच्या घरी आहेस, रात्री कुठे झोपलास ते ठाण्यात येऊन कळव.' हा हुकूम खरं तर बंदुकीच्या मालकाला, त्याच्या बंदुकीबद्दल द्यायला हवा. बंदुकीने माणूस मरतो, म्हणून ती कुणाकडे आहे हे समाजाला माहीत असलं पाहिजे. पण आपल्या देशात हा हुकूम पिढ्यान् पिढ्या हाडामांसाच्या माणसांना दिला गेला. त्यांनी गुन्हा केला होता म्हणून नाही. ते ज्या जातीत जन्मले ती जात सरकारी यादीत होती म्हणून.

आम्ही हा लेख पाचोऱ्यातून लिहितो आहोत. बंदूक हा विषय आपल्या चळवळीचा नाही असं अनेक कार्यकर्त्यांना वाटतं. आमचं म्हणणं उलट आहे. हत्यार कुणाकडे असावं, ते हरवलं तर जबाबदार कोण, आणि संशय हत्यारावर घ्यायचा की जातीवर, हे प्रश्न जातिव्यवस्थेच्या मुळाशी आहेत. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' मध्ये सांगितलं आहे की इतर देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या आणि इथे झाल्या नाहीत, कारण चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाच्या हातून हत्यार, विद्या आणि धन ही तिन्ही काढून घेतली होती. विद्या आणि धनाबद्दल आपण रोज बोलतो. हत्याराबद्दल बोलायचं राहून जातं.

आधी आजचा कायदा पाहू

भारतात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, परवाना आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. खाली शस्त्र नियम आहेत, पूर्वी १९६२ चे, आता २०१६ चे. परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, आपल्या भाषेत कलेक्टर. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त.

परवान्याला अटी असतात. त्यातली एक अट अशी, की परवान्यावरची बंदूक किंवा काडतुसं हरवली, चोरीला गेली, तर परवानाधारकाने ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात खबर दिली पाहिजे. अट मोडली तर कलम ३० लागतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम ३६ आहे. या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, त्याने ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्याला कळवायचं. कळवलं नाही तर का नाही, याचा खुलासा त्यानेच करायचा.

ही अट का महत्त्वाची? समजा एका जमीनदाराच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक आहे. ती त्याच्या पुतण्याने वापरली, कुणाला धमकावलं, उद्या गोळी घातली. पोलिसांनी नंबरावरून मालक शोधला, तर मालक म्हणतो, 'साहेब, ती तर कधीच चोरीला गेली.' खबर देण्याची सक्ती नसेल तर हे उत्तर पुरेसं ठरतं. सक्ती असेल तर पुढचा प्रश्न येतो: चोरीला गेली तर कळवलं का नाही? एवढ्या एका अटीने जबाबदारी बळीवरून आणि पोलिसांवरून सरकून मालकाच्या दारात जाते.

अमेरिकेत याच मुद्द्यावर मोठा वाद आहे. तिथे सामान्य मालकाने चोरीची खबर द्यावी असा देशपातळीवरचा कायदाच नाही; सक्ती आहे ती परवानाधारक दुकानदारांवर. म्हणून काही राज्यांनी आणि शहरांनी आपापले कायदे केले. ऱ्होड आयलंडमध्ये २४ तासांची मुदत आहे, कॅलिफोर्नियात २०१७ पासून पाच दिवसांची. पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग या शहरांनी असे नियम केले, तर बंदूकवाल्यांची संघटना कोर्टात गेली. तिचं म्हणणं, शहरांना असा अधिकारच नाही. शहरांचं म्हणणं, एकाने कायदेशीर बंदूक घ्यायची, गुन्हेगाराला विकायची आणि पकडलं की 'हरवली' म्हणायचं, हा धंदा आम्हाला बंद करायचा आहे.

त्याच अमेरिकेचा दुसरा इतिहासही आपल्या तरुणांनी वाचावा. गुलामगिरी संपल्याबरोबर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्या माणसांना परवान्याशिवाय हत्यार ठेवायला बंदी केली. १९६७ मध्ये ब्लॅक पँथरचे तरुण उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईघाईने उघड्यावर भरलेली बंदूक बाळगायला बंदी आणली. ज्या पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच पँथरची ही गोष्ट. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा असतो. तो कधी आठवतो आणि कुणासाठी आठवतो, हे पाहिलं की व्यवस्था दिसते.

खानदेशात हत्यार कुणाच्या हाती होतं?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुडा आणि सातमाळ्यातल्या भिल्लांनी नव्या राजवटीला सहज मान दिला नाही. बंडं झाली, फौजा आल्या, नाईक मारले गेले. भिल्ल नुसत्या बळाने दबत नाहीत हे कळल्यावर १८२५ मध्ये इंग्रजांनी दुसरी युक्ती काढली. जेम्स औट्रम या अधिकाऱ्याच्या हाताखाली 'खानदेश भिल्ल पलटण' उभी केली. तिचं ठाणं आपल्याच जिल्ह्यातलं धरणगाव. ज्यांना काल लुटारू म्हटलं त्यांच्याच हातात आज सरकारी बंदूक दिली, आणि ती त्यांच्याच भाऊबंदांवर रोखायला लावली.

१८५७ ला हे गणित फिरलं. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक बंडात उतरला, भीमा नाईक उतरला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्या उठावानंतर सरकारने देशभर हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८५७ चा कायदा, मग १८६० चा, आणि शेवटी लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय हत्यार ठेवणं गुन्हा झाला. पण नियमांतून युरोपियनांना सूट मिळाली. बंदूक तीच, कायदा तोच. गोऱ्याच्या हातात ती शोभा, काळ्याच्या हातात गुन्हा. यावर काँग्रेसने पुढे वर्षानुवर्षं ठराव केले आणि ते बरोबरच होतं. पण त्या ठरावांत एक प्रश्न नव्हता: इंग्रज येण्याआधी गावकुसाबाहेरच्या माणसाला हत्यार ठेवायची मुभा कुणी दिली होती?

आपल्या पूर्वजांकडे पाहा. महार हा गावाचा वेसकर. वेशीवर कोण आलं, कोण गेलं, चोर कुठल्या दिशेला पळाला, माग कुठे जातो, हे सगळं त्याने पाहायचं आणि पाटलाला कळवायचं. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने ही जुनी राबवणूक सरकारी करून टाकली. म्हणजे गावाची खबर देण्याचं काम कायद्याने आपल्याकडे होतं. हातात मात्र काठी. चोरीचा तपास लागला नाही तर बोलणी आपण खायची, आणि वाड्यातल्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचा हिशेब कुणी विचारायचा नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या चोवीस तासांच्या वेठीविरुद्ध. वतन कायद्याने जायला १९५८ उजाडलं.

आणि सैन्य? गरज होती तोवर महारांना बंदूक मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जमाती'चं खूळ निघालं आणि भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी लढा नेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ ला मोडली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली. भिल्ल पलटण असो की महार पलटण, सूत्र एकच. राज्याला गरज असेल तेव्हा आम्ही शूर, गरज संपली की आम्ही संशयित.

माणसाची हजेरी

१८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तर भारतात, १९११ च्या कायद्याने देशभर पसरला, १९२४ ला पुन्हा एकत्र करून लिहिला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नोंदवही. बोटांचे ठसे. ठरलेल्या वेळी ठाण्यात हजेरी. राहण्याची जागा कळवायची, जागा बदलणार असाल तर कळवायचं, घराबाहेर राहणार असाल तरी कळवायचं. चुकलं की कैद. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात माणसं ठेवली.

आता बंदुकीच्या परवान्याची अट शेजारी ठेवून वाचा. बंदुकीची नोंदवही. बंदुकीवर नंबर. पत्ता बदलला तर कळवा. हरवली तर कळवा. एक हुकूम धातूच्या नळीसाठी आहे, दुसरा जिवंत माणसासाठी होता, आणि दोन्हींची भाषा जवळजवळ एक आहे. बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, पारधी यांना राज्याने हत्यारासारखं मोजलं.

या इतिहासाचा एक धागा आपल्या रेल्वेलाइनवर सापडतो. १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. अस्पृश्य आणि आदिवासींच्या तक्रारी तपासणं हे तिचं काम. अध्यक्ष होते स्टार्ट साहेब, जे मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहत. २३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महाराला टांग्यात बसवून स्वतः हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाला मोठी दुखापत झाली. सरकारी समितीचा सदस्य, बॅरिस्टर, कौन्सिलचा आमदार, आणि तरी टांगेवाल्याने आधी जात पाहिली. मग ठाण्यातला हवालदार पारध्याची जात पाहत होता यात नवल काय?

देशपातळीवर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने 'सराईत गुन्हेगार' कायदा केला आणि नोंदवहीची कल्पना मागच्या दाराने शिल्लक राहिली. १९५९! म्हणजे ज्या वर्षी स्वतंत्र भारताने नवा शस्त्र कायदा केला, तेच वर्ष. जमातीनुसार सूट देण्याची पद्धतही संपली नाही. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून मिळालेली परवान्यातली सूट आजही चालू आहे. आम्हाला कोडव बांधवांशी भांडायचं नाही. आम्ही एवढंच दाखवतो आहोत की एका समाजावर जन्माने विश्वास आणि दुसऱ्यावर जन्माने संशय, हे इंग्रजांचं माप आपण अजून मोडलेलं नाही.

बाबासाहेब काय म्हणाले होते?

डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली, की हत्यार बाळगणं हा मूलभूत हक्क असावा. आधार होता काँग्रेसचा १९३१ चा कराची ठराव. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांनी दाखवून दिलं की कराचीच्या ठरावातही हा हक्क नियमांच्या अधीनच होता. प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार घेता आलं तर राज्य चालणार कसं, हा त्यांचा सवाल होता. आणि पुढे ते म्हणाले की आग्रह धरायचा तर हत्यार बाळगण्याच्या हक्काचा नाही, कर्तव्याचा धरावा. देशावर संकट आलं तर राज्याने प्रत्येक नागरिकाला बोलवावं.

ज्या समाजाचं हत्यार शतकानुशतकं काढून घेतलं होतं, त्याचा नेता हे बोलत होता. 'आता आम्हालाही बंदुका द्या' असं ते म्हणाले नाहीत. कारण त्यांना गाव माहीत होतं. हत्याराचा मोकळा बाजार भरला तर आधी कोण विकत घेईल? ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, ठाण्यात ओळख आहे तो. शेतमजुराच्या हाती त्या बाजारातून काय येईल, ते १ डिसेंबर १९९७ ला बिहारच्या लक्ष्मणपूर बाथे गावाने पाहिलं. रणवीर सेनेने एका रात्रीत ५८ माणसं मारली. २०१३ मध्ये पाटणा हायकोर्टात सगळे आरोपी सुटले.

विसरलेला नियम ३

बाथेच्या दोन वर्षं आधी, ३१ मार्च १९९५ ला, ॲट्रॉसिटी कायद्याचे नियम आले. त्यातला नियम ३ आपल्या किती कार्यकर्त्यांना पाठ आहे? अत्याचार होण्याची किंवा पुन्हा होण्याची भीती असलेला भाग राज्य सरकारने आधीच शोधून ठेवायचा. मग गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातीत न मोडणाऱ्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि घरोब्याच्या मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या, त्यांचं उत्पादन बंद पाडायचं. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यायचे.

हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. अडचण 'गरज वाटल्यास' या दोन शब्दांत आहे. गरज वाटायची कुणाला?

अधिकारी सांगतील की परवाने गोळा करणं अवघड असतं. आम्ही म्हणतो, निवडणुकीची आचारसंहिता लागली की काय होतं ते आठवा. जिल्ह्याची छाननी समिती बसते, परवानाधारकांना नोटिसा जातात, आणि बंदुका ठाण्यात जमा होतात. पावती मिळते, मतमोजणी झाली की परत मिळतात. म्हणजे यादी तयार आहे, पत्ते तयार आहेत, शस्त्रागारात जागा आहे. मतपेटी धोक्यात आहे असं वाटलं की सगळं जमतं. वस्ती धोक्यात आहे असं वाटलं की का जमू नये?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच तरुणांचा: 'खबर देण्याचा कायदा परवान्याच्या बंदुकीला लागतो. गावठी कट्ट्याला नंबरच नाही, त्याची खबर कोण देणार?' बरोबर आहे. चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीचं नाव गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत येतच असतं. कट्टे बनवणाऱ्यावर आणि त्याहून जास्त ते विकत घेणाऱ्या बड्या टोळ्यांवर कारवाई झालीच पाहिजे. पण त्या निमित्ताने अख्ख्या शिकलगार समाजाला गुन्हेगार ठरवणं म्हणजे १८७१ परत आणणं. पिढ्यान् पिढ्या हत्यारांना धार लावणारी ही जमात. संशय कट्ट्यावर घ्या, गिऱ्हाइकावर घ्या. आडनावावर घेऊ नका.

दुसरा आक्षेप: 'नियम ३ मध्ये आम्हाला परवाना मिळण्याची तरतूद आहे, मग आपण तोच का मागू नये?' जिथे जिवाला खरा धोका आहे तिथे जरूर मागावा, तो कायदेशीर मार्ग आहे. पण चळवळीची पहिली मागणी ती नसावी. एका वस्तीत एक बंदूक आली म्हणून गावातलं बळाचं गणित बदलत नाही. जास्त बंदुका असलेल्या बाजूला उलट निमित्त मिळतं. आपली मागणी बाबासाहेबांच्या १९४८ च्या भूमिकेतून निघाली पाहिजे: प्रत्येक हत्याराचा हिशेब, प्रत्येक मालकावर कर्तव्य.

मग करायचं काय?

माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. कलेक्टर कचेरीला विचारा: जिल्ह्यात, तालुक्यात किती परवाने चालू आहेत? मागच्या दहा वर्षांत किती बंदुका हरवल्याची, चोरीला गेल्याची खबर आली? खबर न दिल्याबद्दल किती जणांवर कलम ३० लावलं? नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, किती दिले? अत्याचारप्रवण भाग कोणते ठरवले? वैयक्तिक नावं मागू नका, आकडे मागा. आकडे नाकारणं अवघड जातं.

ॲट्रॉसिटी नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दर तीन महिन्यांनी बसायला हवी. खाली उपविभागीय समिती आहे. आपले सदस्य तिथे असतील तर शस्त्र परवान्यांचा विषय प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी द्यायला सांगा. ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहिताना आरोपीच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावावर बंदूक असेल, ती दाखवून धमकावलं असेल, तर ते फिर्यादीत लिहा आणि त्याच दिवशी परवाना रद्द करण्याचा वेगळा अर्ज कलेक्टरला द्या. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे तोंडी तक्रार.

आणि कुठल्या पारध्याच्या, भिल्लाच्या, शिकलगाराच्या पालावर रात्री-अपरात्री पोलीस नुसती 'हजेरी' घ्यायला येत असतील, तर तिथे आपण उभं राहिलं पाहिजे. ती माणसं आपल्या समाजाची नाहीत असं म्हणणारा कार्यकर्ता बाबासाहेबांचा नव्हे.

माणसाची हजेरी बंद करा आणि बंदुकीची हजेरी घ्या, एवढीच ही मागणी आहे. कायदा आपल्या बाजूने लिहिलेला आहे. तो वापरायला लावणं आपलं काम आहे.

जय भीम!